"लिहिलं नाही तर कळणार कसं?" : अमेरिकेतल्या मराठी आईबाबांना खुलं पत्र

प्रिय आईबाबांनो,

माझा फोन वाजतो तो बहुतेक रात्री नऊनंतर. आधी तब्येतीची चौकशी होते, गणपतीच्या मखराचं निघतं, मग आवाज खाली येतो. "जरा खाजगी आहे गं. जवळपास कोणी नाहीये ना?" मुलाला नोकरी लागलेली असते. फोर्ट मीडजवळ, नाहीतर क्रिस्टल सिटीत, नाहीतर थेट हंट्सव्हिलला, म्हणजे जिथे संरक्षणाची कामं चालतात तिथे. सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारी गुपितं हाताळायची परवानगी, लागणार असतो, त्याचा फॉर्म आलेला असतो आणि त्या फॉर्मात एक प्रश्न असतो. "कॉलेजात असताना म्हणे त्यानं दोन-चारदा... तू समजून घे." मी समजून घेते. 'गांजा' हा शब्द आपल्या तोंडून निघत नाही. 'ते', 'तसलं काही', फार तर 'वीड'. आणि मग ठरलेला प्रश्न: "लिहिलं नाही तर त्यांना कळणार कसं?"

एकेकीला फोनवर सांगून थकले, म्हणून आता सगळ्यांना एकदम लिहिते आहे.

मी वकील नाही. उत्तर व्हर्जिनियातल्या एका लहानशा डिफेन्स कॉन्ट्रॅक्टरकडे, म्हणजे संरक्षण खात्याची कंत्राटं घेणाऱ्या कंपनीत, सतरा वर्षं फॅसिलिटी सिक्युरिटी ऑफिसर होते, अलीकडेच निवृत्त झाले. नव्या माणसाचा फॉर्म पूर्ण भरला आहे की नाही एवढं बघायचं आणि पुढे पाठवायचा, हे माझं काम. आत काय लिहिलंय त्याचा दुसऱ्या कशासाठीही वापर करायचा नाही, हा नियम. "तू तिथेच आहेस ना, बघ जरा काय लिहिलंय त्यानं" असं मला हक्कानं सांगणाऱ्या निदान पाच मैत्रिणी आहेत. पाचही जणी अजून थोड्या रागावलेल्या आहेत. असू देत.

तर तो फॉर्म. एसएफ-८६. कागदावर छापला तर सव्वाशेहून जास्त पानं. कुठे राहिलात, कोणाबरोबर राहिलात, परदेशात कोणाशी घट्ट संबंध आहेत, सगळं त्यात येतं. आपल्या घरांत काळजी असते ती या परदेशवाल्या भागाची. साताऱ्याच्या आत्यांशी दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो, तो लिहायचा का? (लिहायचा.) आत्या बिचाऱ्या निवृत्त शिक्षिका, त्यांच्यामुळे कोणाचं अडलेलं मी पाहिलं नाही. अडतं ते पुढे, तेविसाव्या विभागात.

तिथे विचारलंय की गेल्या सात वर्षांत बेकायदा अमली पदार्थ घेतलेत का. उत्तर 'हो' असेल तर कोणता पदार्थ, पहिल्यांदा कोणत्या महिन्यात, शेवटचा कोणत्या महिन्यात, किती वेळा, आणि यापुढे घ्यायचा विचार आहे का. काही प्रश्नांना सात वर्षांची मर्यादा नाही, उदाहरणार्थ क्लिअरन्स हातात असताना कधीही घेतलं होतं का. त्याच भागात स्पष्ट लिहिलंय की हे सगळं संघराज्याच्या कायद्याप्रमाणे मोजायचं, तुमच्या राज्यात परवानगी असली तरी. आणखी एक ओळ आहे, ती कोणी वाचतच नाही: या भागात दिलेलं खरं उत्तर पुढे फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जाणार नाही. खरं उत्तर. खोट्याला हे संरक्षण नाही. उलट सरकारी फॉर्मावर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा संघराज्याचा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकणारा.

आता मुलानं खरं लिहिलं तर काय होतं ते बघू. तुमच्या कल्पनेत इथे दार धाडकन बंद होतं. तसं होत नाही.

पक्की मनाई कायद्यात आहे ती एकाच ठिकाणी. २००८ची बाँड दुरुस्ती म्हणते की जो सध्या बेकायदा अमली पदार्थ घेतो किंवा ज्याला व्यसन आहे, त्याला कोणत्याही खात्यानं क्लिअरन्स द्यायचा नाही. 'सध्या' हा कळीचा शब्द. पूर्वी कधीतरी घेतलं, त्याचा हिशेब वेगळ्या ठिकाणी होतो. तो कसा करायचा याचे नियम २०१७च्या जूनपासून सगळ्या खात्यांना एकच आहेत: 'ए' पासून 'एम' पर्यंत तेरा कलमं, त्यांतलं 'एच' अमली पदार्थांचं. प्रत्येक कलमात आधी काय खटकतं ते लिहिलंय आणि लगेच खाली काय असेल तर ते सैल होतं तेही. 'एच' मधली सैल करणारी कारणं एखाद्या समजूतदार हेडमास्तरांनी लिहिल्यासारखी आहेत. फार पूर्वी घडलं, क्वचित घडलं, पुन्हा घडण्यासारखी परिस्थिती राहिली नाही. माणसानं कबूल केलं, सोडलं, सोडून बराच काळ गेला, त्या संगतीतून बाहेर पडला. 'यापुढे घेतलं तर माझा क्लिअरन्स काढून घ्या' असं सही करून लिहून दिलं. मोठ्या आजारपणात डॉक्टरनं दिलेल्या गोळ्यांपासून सवय लागली होती आणि आता ती सुटली. उपचार पूर्ण केले.

आणि निवाडा एका कलमावर होत नाही, सगळा माणूस बघून होतो. घडलं तेव्हा वय काय होतं, कोणाच्या दबावाखाली होता का, त्यानंतर कसा वागला. एकोणीस वर्षांच्या मुलानं हॉस्टेलच्या गच्चीवर पाच वेळा काय केलं आणि पंचवीस वर्षांचा इंजिनिअर आज कसा राहतो, या दोन गोष्टी तिथं बसलेल्या माणसांना वेगळ्या दिसतात. आपल्यालाच दिसत नाहीत.

२०२१च्या डिसेंबरमध्ये तेव्हाच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक अव्ह्रिल हेन्स यांनी सगळ्या खात्यांना लेखी कळवलं की पूर्वी मौज म्हणून घेतलेला गांजा विचारात घेतला जाईल, पण तेवढ्यावरून निकाल ठरणार नाही. आणि उमेदवारांना सांगा, फॉर्मवर सही केल्या क्षणापासून हात लावू नका. नोकरीच्या अटी या याहून निराळ्या, त्या खात्याखात्याप्रमाणे बदलतात. अर्जाआधी इतका काळ गांजा घेतलेला नसावा, ही एफबीआयची अट आधी तीन वर्षांची होती, २०२१मध्ये ती एका वर्षावर आली. इतर अमली पदार्थांसाठी मात्र दहा वर्षं. त्याआधी २०१४मध्ये तिथले तेव्हाचे प्रमुख जेम्स कोमी जाहीरपणे म्हणाले होते की सायबर गुन्हेगारांशी लढायला चांगली पोरं हवीत आणि त्यांतली काही मुलाखतीला येतानाही गांजा ओढून येऊ इच्छितात. पुढे सेनेटसमोर त्यांना सारवासारव करावी लागली, पण अडचण खरीच होती.

एवढं सगळं असूनही मुलं अडकतात. कशात, ते एका मुलाचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्याची आई आणि मी एकाच मंडळात. मुलगा हुशार, कॉम्प्युटर सायन्स केलेला, अतिशय सरळ. टॉप सीक्रेटसाठी, म्हणजे सगळ्यांत वरच्या पायरीच्या क्लिअरन्ससाठी, फॉर्म भरायचा होता. भरायच्या आदल्या दिवशी माझ्या केबिनच्या दारात उभा राहिला आणि इंग्रजी सोडून मराठीत म्हणाला, "काकू, हे बाबांना कळेल का?" तो मराठीत बोलला तेव्हाच मला काय ते समजायला हवं होतं. मी नियमातलं उत्तर दिलं: फॉर्म घरी जात नाही, कोणी आईवडिलांना कळवत नाही, खरं ते लिही. तो बरं म्हणाला. घरी जाऊन त्यानं आईला विचारलं. आई म्हणाली, "उगाच कशाला ओढवून घेतोस? दोन वर्षं झाली त्याला. कुठं बोलू नकोस." त्यानं 'नाही' वर टिचकी मारली.

टॉप सीक्रेटची चौकशी म्हणजे माणसं प्रत्यक्ष फिरतात. शेजारी, जुने बॉस, कॉलेजातले रूममेट. रूममेटनं प्रामाणिकपणे सांगितलं, त्यात त्याला काही वावगंही वाटलं नाही: हो, शेवटच्या वर्षी आम्ही सगळेच शनिवारी घ्यायचो. मग चौकशी अधिकाऱ्यानं मुलाला समोर बसवून पुन्हा विचारलं. तो पुन्हा 'नाही' म्हणाला. मग अधिकाऱ्यानं रूममेटचं म्हणणं समोर ठेवलं.

काही महिन्यांनी जे पत्र आलं त्याला स्टेटमेंट ऑफ रीझन्स म्हणतात, म्हणजे क्लिअरन्स का देता येत नाही त्याची कारणं. त्यात दोन कलमं होती, 'एच' आणि 'ई'. 'ई' म्हणजे वैयक्तिक वर्तणूक. फॉर्मात जाणूनबुजून लपवणं त्यात येतं. त्यानं उत्तर दिलं, सुनावणी मागितली. कॉन्ट्रॅक्टरकडच्या लोकांच्या सुनावण्या डोहा नावाच्या संरक्षण खात्याच्या कार्यालयात न्यायाधीशापुढे होतात. (दोहा म्हणू नका, कबिराशी संबंध नाही.) निकाल आला तेव्हा 'एच' त्याच्या बाजूनं गेला होता: लहान वय, सोडून बराच काळ लोटलेला, संगत बदललेली. 'ई' विरुद्ध गेला. गांजा माफ झाला आणि 'नाही' हा एक शब्द माफ झाला नाही. नोकरी गेली.

डोहाचे निकाल नावं काढून इंटरनेटवर ठेवलेले असतात, कोणीही वाचावेत. मी निवृत्तीनंतर पुष्कळ वाचले. लोक सुडोकू सोडवतात तसं. नाव काढलेलं असलं तरी वय, शिक्षण, कुटुंब यांचं वर्णन असतं आणि अधूनमधून एखादं घर आपल्यासारखं वाटतं. त्यात वारंवार हाच साचा दिसतो. जुनं आणि कबूल केलेलं बहुतेकदा निभावतं. लपवलेलं निभावणं फार कठीण. आणि क्लिअरन्स हातात असताना घेतलेलं त्याहून कठीण.

'ई' कलमात एक गंमत आहे, ती तुमच्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. लपवलं, पण कोणी समोर पुरावा ठेवायच्या आधी स्वतःहून तातडीनं दुरुस्त केलं, तर ते बाजूनं धरतात. (या मुलाला अधिकाऱ्यानं दुसऱ्यांदा विचारलं ना, तो त्याचा शेवटचा दरवाजा होता.) दुसरी सवलत अशी की चुकीचं उत्तर जर वकिलाच्या किंवा सुरक्षा प्रक्रियेचा सल्ला देणं हेच ज्याचं काम आहे अशा माणसाच्या सल्ल्यामुळे दिलं गेलं असेल, तर तेही विचारात घेतात. 'आईनं सांगितलं' हे त्यात बसत नाही. मी कलम तीन वेळा वाचलं आहे.

आता मला खरं म्हणायचंय ते. सरकारला मुलाच्या फुप्फुसाची काळजी नाही. त्यांना दोन गोष्टी बघायच्या असतात: हा माणूस नियम पाळतो का, आणि याला कोणी कोंडीत पकडू शकेल का. म्हणून मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: हे आणखी कोणाला माहीत आहे? घरी माहीत आहे का? 'ई' कलमातच लिहिलंय की वागणूक लपवण्यामुळे माणूस दुसऱ्याच्या दबावाखाली येऊ शकत असेल, तर तीही चिंतेची बाब. जो मुलगा 'बाबांना कळलं तर मी मरेन' असं म्हणतो, त्याच्या हातात देशाची गुपितं द्यायला कोणीही कचरेल, तुम्हीसुद्धा. ही भीती त्या मुलाला गांजानं दिलेली नाही. ती आपण दिली आहे, वर्षानुवर्षं, 'चार लोकांत नाक कापलं' असं दुसऱ्यांच्या मुलांबद्दल जेवणाच्या टेबलावर बोलून. झाकली मूठ सव्वा लाखाची हा हिशेब आपण इतका पाठ केलाय, की ही मूठ उघडायची किंमत शून्य आणि झाकायची किंमत नोकरी आहे हे समोर लिहिलेलं असूनही वाचता येत नाही.

ज्या घरात बोलता येतं तिथली मुलं वेगळी दिसतात. एका मुलीनं फॉर्मच्या रकान्यात 'अकरा वेळा' असा नेमका आकडा घातला, शेवटचा महिना लिहिला, वेगळ्या कागदावर यापुढे घेणार नसल्याचं सही करून दिलं. मुलाखतीत 'घरी माहीत आहे का' म्हटल्यावर ती म्हणाली, "हो, आणि आई अजून दर सणाला टोमणा मारते." तिचा क्लिअरन्स झाला. टोमणे चालू आहेत.

गांजाबद्दल एवढं झाल्यावर गोळ्यांकडे येते, कारण तिथे तर आपल्याला चूक झाल्याचंही कळत नाही. तेविसाव्या विभागात डॉक्टरनं दिलेल्या औषधांच्या गैरवापराचाही प्रश्न आहे. परीक्षेच्या रात्री रूममेटची ॲडरॉल घेतली? ते औषध संघराज्याच्या नियंत्रित पदार्थांत कोकेनच्याच यादीत, दुसऱ्या परिशिष्टात, आहे. मुलं याला 'ड्रग्ज' समजत नाहीत. 'अभ्यासाची गोळी' समजतात, आणि आपल्याला तर अभ्यास या शब्दापुढे काही ऐकूच येत नाही. दुसरं, आपली घरगुती दवाखानेगिरी. पुण्याहून येताना आणलेली अल्प्राझोलामची पट्टी, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, "मला झोप येत नव्हती तेव्हा दिली होती, तूही अर्धी घे." इथे ती नियंत्रित औषधं आहेत आणि दुसऱ्याच्या नावानं लिहिलेली गोळी जाणूनबुजून घेणं हा गैरवापर. एक अर्धी गोळी म्हणून आभाळ कोसळणार नाही. पण मुलाला विचाराल तेव्हा हेही विचारा.

आणि राज्यांचा घोळ. व्हर्जिनियात २०२१च्या जुलैपासून थोडा गांजा जवळ बाळगायला हरकत नाही, मेरीलँडमध्ये २०२३च्या जुलैपासून दुकानातून मिळतो, न्यू जर्सीत २०२२च्या एप्रिलपासून. वॉशिंग्टन डीसीत तर रस्त्याच्या एका बाजूला थोडा जवळ बाळगलेला चालतो आणि समोरच्या नॅशनल मॉल या मैदानावर, संघराज्याची जमीन म्हणून, चालत नाही. मुलांना हे खरंच कळत नाही, त्यांचा दोष मी मानत नाही. "दुकानातून पावती घेऊन आणलंय" हे वाक्य मी खूप ऐकलं. पावती राज्याची आहे, क्लिअरन्स संघराज्याचा. गांजा पहिल्या परिशिष्टातून तिसऱ्या परिशिष्टात आणण्याचा प्रस्ताव २०२४च्या मे महिन्यात निघाला, तेव्हा मला अभिनंदनाचे दोन फोन आले होते. बाँड दुरुस्तीत यादीचा क्रमांक नाही. नियंत्रित पदार्थ एवढंच आहे, आणि तिसऱ्या परिशिष्टातलं औषधही डॉक्टरविना घेतलं तर बेकायदाच.

इथे जरा तुमच्याकडे बघते. गुडघेदुखीवर रात्री गांजाची अर्धी गमी (चघळायची गोळी) घेणारे कितीतरी काका-काकू मला माहीत आहेत. स्वयंपाकघरात, मेथीच्या डब्याशेजारी. तुमच्या वयात तुमचं तुम्ही बघा. पण क्लिअरन्सवाला मुलगा घरी राहत असेल तर ती बरणी त्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. सीबीडीच्या, म्हणजे गांजाच्याच जातीच्या झाडापासून काढलेल्या, तेलाचंही तेच. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, आत टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, किती याची खात्री नसते, आणि लघवीच्या तपासणीला गुडघेदुखी कळत नाही.

एक इशारा, तो मात्र गंभीर. वर 'खरं लिहा' म्हटलं ते नागरिकांसाठी; क्लिअरन्स नागरिकालाच मिळतो. घरात कोणी ग्रीन कार्डवर असेल तर त्यानं हे पत्र वाचून कुठेही कबुली द्यायला धावू नये. राज्यात कायदेशीर असलेला गांजासुद्धा नागरिकत्वाच्या अर्जात आडवा येऊ शकतो, हे यूएससीआयएस या नागरिकत्वाचे अर्ज बघणाऱ्या खात्यानं २०१९च्या एप्रिलमध्ये लेखी सांगितलंय. आधी इमिग्रेशनचा वकील. नुकतंच नागरिकत्व घेतलेल्यांनीही, आधीच्या अर्जात काय लिहिलं होतं ते काढून वकिलाला दाखवावं, मगच एसएफ-८६ उघडावा.

सरकारवर माझा राग नाही असं नाही. एका खात्याला एक वर्ष पुरतं, दुसऱ्याचं गणित निराळं. कायदा 'सध्या' म्हणतो आणि सध्या म्हणजे किती दिवस ते सांगत नाही. आणि संशय राहिला तर तो देशाच्या बाजूनं सोडवायचा, म्हणजे मुलाच्या विरुद्ध. क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नाही असं सुप्रीम कोर्टानं १९८८मध्ये ईगन खटल्यात सांगून ठेवलंय, त्यामुळे भांडायलाही फार जागा नाही. पण सरकारला मराठी वाचता येत नाही आणि तुम्हाला येतं, म्हणून पत्र तुम्हाला.

मंडळांच्या कार्यकारिणींना एकच मागणं आहे. युवा विभागाचं 'करिअर मार्गदर्शन' दरवर्षी होतं. त्यात आईवडील मागच्या रांगेत बसतात आणि त्यामुळे एकही मूल एकही खरा प्रश्न विचारत नाही. या वर्षी दोन खोल्या घ्या. एकीत मुलं, त्यांच्यासमोर या विषयातला एखादा वकील. दुसरीत आईबाबा, तिथे मी येते. दार लावून घेऊ. आवाज खाली करायची गरज नाही, आणि 'गांजा' हा शब्द सगळ्यांनी एकेकदा मोठ्यानं म्हणायचा आहे. हॉलचं भाडं माझ्याकडे लागलं. चहा तुमचा.

तुमच्यातलीच,
रात्री नऊनंतर फोन उचलणारी एक मावशी
उत्तर व्हर्जिनिया